नागासाकी लांब आहे

जपानच्या क्यूशू बेटावर राहत असताना आमच्या शेजारी मूळच्या सागा प्रांताकडच्या एक आजी राहत असत. त्यांच्याकडे एकदा जेवायला गेले असताना त्यांनी लाल भोपळ्याची शिजवलेली एक फोड तोंडात टाकली, क्षणभर घोळवली आणि स्वतःशीच म्हणाल्या, ‘नागासाकी लांब आहे.’ आम्ही राहत होतो तिथून नागासाकी आगगाडीने दोन तासांच्या आत येत असल्यामुळे मी त्यांना तसे अदबीने सांगितले, आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावायची सोय असती तर त्यांनी तो नक्की लावला असता.

पदार्थात साखर कमी पडली की त्या भागातली जुनी माणसे असे म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. साखर नागासाकीच्या बंदरात उतरायची आणि तिथून पुढे जायची. त्यामुळे पदार्थ जितका अगोड, तितके ते बंदर दूर. गोडी मैलांत मोजायची ही तऱ्हा मला इतकी आवडली की पुढे पहिली संधी मिळताच मी नागासाकीला गेले, आणि परत येताना जो खाऊ आणला त्याने माझी निम्मी बॅग भरली होती.

‘खाऊ’ हाच शब्द इथे नेमका बसतो. गावाहून परतताना घरी, शेजारी आणि कचेरीत वाटण्यासाठी आणायच्या वस्तूंना जपानी भाषेत ‘ओमियागे’ म्हणतात. तो शब्द लिहिताना ‘माती’ आणि ‘उपज’ अशा अर्थांची दोन अक्षरे वापरतात, आणि प्रत्यक्षात ही वस्तू बहुतेक वेळा खाण्याचीच असते. गंमत अशी, की नागासाकीच्या बाबतीत ही मातीची उपज मुळीच नाही. ती जहाजांची उपज आहे.

1571 मध्ये हे बंदर पोर्तुगीज जहाजांसाठी उघडले. 1639 मध्ये पोर्तुगिजांना देशाबाहेर काढले गेले आणि 1641 पासून डच व्यापाऱ्यांना देजिमा नावाच्या, समुद्रात भर घालून बांधलेल्या, पंख्याच्या आकाराच्या चिमुकल्या बेटावर आणून ठेवण्यात आले. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे युरोपच्या दिशेचे जपानचे तेवढे एकच दार किलकिले राहिले. चिनी व्यापारीही याच बंदरात येत आणि 1689 पासून त्यांचीही वेगळी वसाहत होती. या दोघांच्या जहाजांतून साखर आली. जहाज समुद्रात डगमगू नये म्हणून तळाशी काही तरी जड भरावे लागते, आणि डच जहाजांत ते काम पुष्कळदा साखरेने केले. बंदरातली साखर नागासाकी ते क्यूशूच्या उत्तर टोकाचे कोकुरा या सुमारे 228 किलोमीटरांच्या हमरस्त्याने पुढे जाई, आणि वाटेवरची गावे एकेक करून आपापली मिठाई शोधून काढीत. या रस्त्याला आता कौतुकाने ‘शुगर रोड’ म्हणतात आणि 2020 मध्ये त्याची जपानच्या वारशाच्या यादीत नोंद झाली. आमच्या आजींचे सागा याच रस्त्यावर आहे, त्यामुळे नागासाकी किती लांब हे सांगण्याचा अधिकार त्यांना वारशानेच मिळालेला होता.

नागासाकीच्या खाऊचा राजा म्हणजे ‘कासुतेरा’. नाव स्पेनमधल्या कास्तील प्रांताच्या पोर्तुगीज नावावरून आलेले. अंडी, साखर, गव्हाचे पीठ आणि ‘मिझुआमे’ नावाचा पिठुळ धान्यापासून केलेला घट्ट पाक, एवढेच त्यात असते. लोणी किंवा तेल नावालाही नाही. बौद्ध आचाराच्या प्रभावामुळे ज्या देशात अंडी खाण्याची चाल फारशी नव्हती, तिथे हा अंड्यांवर उभा असलेला केक रुजला, हे मला साखरेपेक्षाही मोठे नवल वाटते. ‘फुकुसाया’ हे त्याचे सर्वांत जुने नामांकित दुकान 1624 सालचे आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सहा वर्षे आधीचे, आणि तेव्हा पोर्तुगीज अजून नागासाकीत वावरत होते. त्याच्या खोक्यावर वटवाघळाचे चित्र असते. आपल्याकडे मिठाईच्या खोक्यावर वटवाघूळ छापणाऱ्याचे दुकान आठवड्यात बंद पडले असते. पण चिनी भाषेत वटवाघूळ आणि सौभाग्य या शब्दांचा उच्चार सारखा असल्यामुळे तिथे ते शुभ. केक पोर्तुगिजांचा, शकुन चिन्यांचा आणि सुबक बांधलेला कागद जपानी, असे ते एकच खोके मला संग्रहालयातल्या कित्येक दालनांपेक्षा अधिक सांगून गेले.

खोके उघडल्यावर आत एक लांबट, सोनेरी वीट असते. वरची बाजू तपकिरी आणि गुळगुळीत, मधला भाग पिवळाधमक आणि ओलसर, आणि तळाशी कागद. खरा खाऊ या तळाशी आहे. भट्टीत घालण्यापूर्वी साच्याच्या तळाशी ‘झारामे’ नावाची खडबडीत दाण्यांची साखर राहील अशी योजना असते. ती पूर्ण विरघळत नाही आणि शेवटच्या घासाला दाताखाली कुरकुरते. पण हाच थर कागदाला चिकटतो, आणि कागद घाईने ओढला तर केकची सगळी पुण्याई कागदासोबत निघून येते. मी पहिल्यांदा तेच केले. मग बासुंदीच्या पातेल्याची खरवड काढावी तसा चमच्याने तो कागद खरवडत बसले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर केकपेक्षा ती खरवडच मला अधिक आवडली. पूर्वी हा केक वर आणि खाली दोन्हीकडे निखारे ठेवून भाजत असत. आता विजेच्या भट्ट्या आल्या असल्या, तरी मिश्रण हाताने फेटणारे आणि भाजता भाजता मध्येच ते ढवळून बुडबुडे मोडणारे कारागीर अजूनही आहेत. बुडबुडे मोडले नाहीत तर केकला जाळी पडते, आणि जाळीदार अनारशाचे जे कौतुक आपल्याकडे होते ते कासुतेराच्या वाट्याला मुळीच येत नाही.

या केकचा मार्ग आपल्या दारावरून गेलेला आहे. पोर्तुगिजांची जहाजे गोव्याहून निघत आणि मलाक्का, मकाव करीत नागासाकीला पोहोचत. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहूनच जपानला निघाले होते. म्हणून एकाच पोर्तुगीज शब्दापासून आपला ‘पाव’ झाला आणि जपान्यांचा ‘पान’ झाला. आपला ‘साबण’ तिकडे पूर्वी ‘शाबोन’ होता. आणि केकला पोर्तुगीज भाषेत जो ‘बोलो’ म्हणतात, त्याच्यापासून गोव्याच्या नाताळातले नारळाचे बोलिन्हास आले, तसाच सागाचा ‘मारुबोरो’ नावाचा गोल, मऊ बिस्किटासारखा पदार्थही आला. मी दोन्ही खाल्ले आहेत. चवीत काडीचे साम्य नाही, आणि ते योग्यच आहे. दोन चुलत भावंडे चारशे वर्षे वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत वाढल्यावर एकाला नारळ मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही.

नागासाकी स्थानकापासून अगदी थोड्या अंतरावर निशिझाका नावाची टेकडी आहे. 5 फेब्रुवारी 1597 या दिवशी तिथे 26 ख्रिस्ती धर्मीयांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. आज तिथे लांबलचक भिंतीवर त्या सर्वांच्या कांस्य प्रतिमा ओळीने आहेत, आणि त्यांच्यातले एक आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया आहेत. ते आधी व्यापारी होते आणि मग फ्रान्सिस्कन बंधू झाले. एका हातात खाऊची पिशवी घेऊन मी त्या भिंतीसमोर उभी राहिले आणि मला पिशवी कुठे लपवावी हे कळेना. ज्या राजवटीने पुढे तो धर्म देशातून पुसून टाकण्यासाठी एवढा खटाटोप केला, तिने त्याच जहाजांतून आलेल्या केकला मात्र हात लावला नाही. पाद्री गेले, व्यापारी गेले, साखर घातलेली वीट राहिली.

मार्चमध्ये मुलींच्या सणाच्या सुमारास नागासाकीत ‘मोमो कासुतेरा’ मिळतो. मोमो म्हणजे पीच. पीचच्या आकाराच्या केकवर गुलाबी छटेचा साखरेचा जाड लेप आणि हिरवी पाने; पीच हे चिन्यांचे दीर्घायुष्याचे प्रतीक. घरात मुलीचा पहिला सण झाला की नातेवाइकांना परतभेट म्हणून तो पाठवतात. गोडीला इतका की त्याच्यापुढे नागासाकी लांब नाही, अगदी मांडीवर येऊन बसलेले आहे. दिसतो फार देखणा. पण अर्ध्याहून अधिक एका वेळी खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

‘इक्कोक्को’ या चिनी वळणाच्या बिस्किटाने मला कचेरीत ओशाळे केले. ते बाहेरून टम्म, भरगच्च दिसते आणि आत पूर्ण पोकळ असते. भाजताना आतला गोड ऐवज वितळून कवचाला आतून चिकटतो, हीच त्याची करामत. मी मोठ्या ऐटीने डबा फिरवला, आणि एका सहकाऱ्याने ते फोडून आत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि जपानी सभ्यतेला जागून काहीही न बोलता उरलेले कवच खाऊन टाकले. सारण भरायला विसरलेली करंजी पाहुण्याच्या पानात पडावी, तसे मला झाले.

स्थानकातल्या दुकानांत अर्थात दुसरा प्रकारही रग्गड आहे: मेगानेबाशी या 1634 सालच्या चष्म्याच्या आकाराच्या दगडी पुलाचे चित्र उमटवलेली बिस्किटे, जुन्या चर्चच्या छायाचित्राचा कागद गुंडाळलेली चॉकलेटे. ती वाईट नसतात, पण त्यांच्यावरचे चित्र बदलले तर ती कोणत्याही गावची होतील. कासुतेराच्या खोक्यावर वटवाघळाऐवजी काहीही छापा, त्याच्या तळाची साखर ज्या बंदरात उतरली ते बंदर काही बदलत नाही. वारसा खोक्यावर असणे आणि वारसा पिठात असणे यांत मी दुसऱ्याच्या बाजूची आहे, आणि त्यासाठी खोक्यामागे दुप्पट किंमत मोजायचीही माझी तयारी असते.

त्या बॅगेत ‘कोम्पेइतो’ची एक काचेची बाटलीही होती. पोर्तुगीज भाषेतला ‘कोन्फेइतो’ म्हणजे साखरेची गोळी, त्यापासून हे नाव आले. लुईस फ्रोईस हे धर्मोपदेशक जपानला येण्यापूर्वी अनेक वर्षे गोव्यात होते. त्यांनी 1569 मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला भेट दिली ती काचेच्या बाटलीत घातलेल्या याच गोळ्यांची. वाटाण्याहून लहान, पांढऱ्या, गुलाबी, फिकट हिरव्या, आणि अंगावर सगळीकडे बोथट काटे. तापवलेल्या, तिरक्या, फिरत्या कढईत बारीक दाणे घालून त्यांच्यावर पळीपळीने पाक सोडत राहायचे, म्हणजे दाणा दिवसाला अगदी थोडाच वाढतो, आणि पुरी गोळी व्हायला दोन आठवडे लागतात. 1688 मध्ये छापलेल्या एका जपानी कथासंग्रहात नागासाकीतल्या एका माणसाची गोष्ट आहे: परदेशी लोक ही गोळी कशी करतात हे कोणी सांगेना, म्हणून तो वर्षानुवर्षे डोके खपवतो, आणि शेवटी त्याला उलगडा होतो की सुरुवात तिळापासून करायची असते.

मराठी वाचकाला पुढचे सांगायला नको. पुण्याला आल्यावर मी कासुतेरा बाहेर काढला तेव्हा आत्याने अंड्यांचा उल्लेख ऐकून हात मागे घेतला, पण ती काचेची बाटली दिसताच तिने चष्मा लावला. आत्या पंचाहत्तरीपर्यंत दर संक्रांतीला घरी हलवा करीत असे. पहाटेच्या थंडीत मंद शेगडीवर परात ठेवून, परातीतले तीळ चार बोटांनी सतत हलवत, त्यांच्यावर चमच्याने थेंब थेंब पाक सोडत ती तासन्‌तास बसे, आणि काटा फुटू लागला की कोणालाही बोलू देत नसे. घरातल्या प्रत्येक सुनेचे आणि बाळाचे हलव्याचे दागिने तिच्या हातचे आहेत. तिने एक गोळी तळहातावर घेतली, उजेडाकडे धरली, काटे नीट पाहिले आणि ‘हात चांगला आहे’ एवढा दाखला दिला. मग ती गोळी तोंडात टाकून बराच वेळ गप्प राहिली.

‘अगं, पण आत तीळ नाही,’ ती म्हणाली.

मी तिला नागासाकीतल्या त्या माणसाची गोष्ट सांगितली, आणि पूर्वी आत तीळ असे, आता साखरेचाच दाणा वापरतात, असे समजावले. तिने दुसरी गोळी उचलली आणि बाटलीचे झाकण घट्ट लावून ती फडताळात आपल्या बाजूला ठेवून दिली.

‘होता ना?’ ती म्हणाली. ‘मग काढला कशाला?’