काळे हात

अक्रोडाचे झाड मी अजून पाहिलेले नाही आणि वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात राहून ते पाहायला मिळेल अशी आशाही नाही. हिवाळ्यात ७ अंशांखालच्या थंडीचे शेकडो तास मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट उघडत नाहीत. आमच्याकडची थंडी पहाटे शेकोटीपुरती येते आणि दहा वाजता शेतात निघताना स्वेटर खुंटीवर राहतो. त्यामुळे आमच्यासाठी अक्रोड म्हणजे नातेवाइकांनी दिवाळीला दिलेल्या सुक्यामेव्याच्या डब्यातला, कोणी तरी आधीच फोडून ठेवलेला, थोडासा खवट तुकडा एवढीच त्याची ओळख होती.

ती ओळख बदलली एका सप्टेंबरात. सैन्यात असलेला माझा भाचा काश्मीरहून सुटीवर आला आणि येताना तिथल्या एका बागवानाने दिलेली पिशवीभर अक्रोडे घेऊन आला. ती हिरव्या सालीसकट होती, लिंबाएवढी आणि कच्च्या पेरूसारखी दिसणारी. "आजी, हातानं सोलू नको," असे त्याने दोनदा बजावले होते. परंतु जिने आयुष्यभर आंबाड्या निवडल्या, तुरी सोलल्या आणि कापूस वेचला, त्या माझ्या आईला कोणते फळ कसे सोलावे हे कोणी सांगायची गरज वाटली नाही. तिने पावशी पुढे ओढली आणि बसली. साल चिरली तेव्हा तिचा आतला भाग पांढराशुभ्र होता. पुढचे फळ हाती घेईपर्यंत तो पिवळसर झाला, मग तांबूस, आणि अर्ध्या तासात टोपलीतली सालपटे सडल्यासारखी काळपट दिसू लागली. पावशीचे पाते तर शाईत बुडवल्यासारखे निळेकाळे झाले, कारण सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्याला लोखंड भेटले होते. लोखंडी कढईत हिरडा उकळला की होते तेच. संध्याकाळपर्यंत आईची दहाही बोटे काळी झाली. लिंबू, चिंच, राख, धुण्याचा साबण, सगळे घासून झाले आणि काहीही उतरले नाही. "बापा, हे काऊन झालं? आता महालक्ष्म्यांले हात कसे दाखवू?" हा तिचा प्रश्न रास्त होता, कारण महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या होत्या आणि शेजारच्या सुनेला मेंदीचा पाला वाटायला सांगून झाले होते.

या उपद्व्यापामागे जे द्रव्य आहे त्याला जुग्लोन म्हणतात. हिरव्या सालीत, पानांत आणि मुळांत ते बहुतांशी रंगहीन, बांधलेल्या रूपात असते. साल चिरली, हवा लागली, की ते मोकळे होते, पिवळे पडते आणि पुढे तपकिरी-काळे होत जाते. त्याची घडण समजून घ्यायची तर मधमाशांच्या पोळ्यातली एकच भिंत सामाईक असलेली दोन षट्कोनी घरे डोळ्यांसमोर आणावीत. त्यांतल्या एका घराच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर ऑक्सिजन बसलेला असतो आणि दुसऱ्या घराच्या एका कोपऱ्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी. एकूण हिशेब कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचे ३.

हे वाचताना मला खरी गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. आता तीच जोडी दुसऱ्या घरातून उचलून पहिल्या घराच्या कोपऱ्यावर ठेवावी. अणू तितकेच राहतात, एकही कमी-जास्त होत नाही, पण जे तयार होते ते लॉसोन, म्हणजे मेंदीचा रंग. आमच्या कुंपणाला जी मेंदी लावली आहे, जिच्या फांद्या बकऱ्यांपासून वांगी राखण्यापलीकडे वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाहीत, तिच्या हिरव्या पाल्यातही हा रंग असाच बांधून ठेवलेला असतो आणि वाटल्यावर मोकळा होतो. दोन्ही रंग कातडीच्या आणि नखांच्या केराटिन नावाच्या प्रथिनाला घट्ट धरतात. म्हणून साबणाने जात नाहीत, वरची कातडी झडेल तेव्हाच जातात. एकाने हात लाल होतो आणि बायका एकमेकींना दाखवत फिरतात, दुसऱ्याने काळा होतो आणि पदराखाली लपवावा लागतो.

आणखी एक भाऊबंद आमच्या नाल्याच्या काठी, करवंदीच्या जाळीखाली उगवतो. तो म्हणजे चित्रक. पांढऱ्या फुलांचे हे झुडूप, त्याच्या फुलाखालचा पुष्पकोश चिकट केसांनी भरलेला, जवळून गेले की धोतराला चिकटून घरापर्यंत येणारा. त्याच्या मुळीतले प्लंबाजिन म्हणजे जुग्लोनच, फक्त एका कोपऱ्यावर कार्बनचा एक लहान गट जास्त. नवल असे की अक्रोड आणि मेंदी हे रसायन साधारण एकाच मार्गाने घडवतात, तर चित्रक वेगळ्याच वाटेने जाऊन जवळपास त्याच ठिकाणी पोहोचतो. संस्कृतात अग्नीची सगळी नावे चित्रकाला दिलेली आहेत आणि ती उगीच नाहीत. लहानपणी आमच्या वाड्यातल्या एका म्हाताऱ्याने गुडघेदुखीवर ताजी मुळी वाटून बांधली होती. सकाळी गुडघ्यावर आवळ्याएवढा फोड होता. वैद्य ती मुळी चुन्याच्या पाण्यात शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत आणि गरोदर बाईला देत नाहीत. (काळा डाग आणि फोड म्हटले की आमच्याकडे कोणालाही आधी बिब्बा आठवेल, पण बिब्ब्याच्या तेलाचे रसायन निराळ्या घराण्यातले आहे.)

झाडाला जुग्लोनचा उपयोग काय, तर बहुधा शेजाऱ्यांना दूर ठेवणे. अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाखाली टोमॅटो कोमेजतात, कारण हे द्रव्य दुसऱ्या रोपाच्या पेशींचा श्वासोच्छ्वासच बिघडवते. अक्रोडाची सावली वाईट, हे रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच लिहून ठेवले आहे; आमच्याकडे चिंचेखाली निजू नये म्हणतात, त्याच जातीचे ते निरीक्षण असावे. माणसाने मात्र हेच गुण औषधाला लावले. जुग्लोन जंतूंना आणि बुरशीला रोखते. उत्तरेकडे अक्रोडाच्या खोडाच्या सालीने दात घासतात आणि युरोपात पानांचा काढा त्वचेच्या किरकोळ दाहावर व तळहातांच्या घामावर परंपरेने वापरतात.

गराबद्दल चरकसंहितेत अक्षोट या नावाने लिहिले आहे की तो जड, उष्ण, स्निग्ध, बळ देणारा आणि वात हरणारा आहे, पण कफ-पित्त वाढवतो. शंभर ग्रॅम गरात ६५ ग्रॅम चरबी असते हे कळल्यावर 'जड' आणि 'स्निग्ध' या शब्दांचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही. गरावरचे जे तपकिरी पापुद्रे कडसर लागतात म्हणून आमची नातवंडे सोलून टाकतात, त्यांतच त्याची आरोग्याला चांगली मानली जाणारी पॉलिफेनॉल द्रव्ये सर्वांत जास्त असतात. गर मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, हा युक्तिवाद मात्र मला कधीच पटला नाही. बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातल्या ६३ ते ७९ वयाच्या ७०८ निरोगी वृद्धांवर दोन वर्षे प्रयोग झाला. त्यात वाईट कोलेस्टेरॉल थोडे उतरलेले दिसले, पण २०२० साली आलेल्या निष्कर्षानुसार रोज अक्रोड खाणाऱ्यांच्या बुद्धीत एकंदरीत न खाणाऱ्यांपेक्षा फरक पडला नव्हता. ज्या ओमेगा-३ साठी लोक अक्रोडाला एवढा भाव देतात, ते त्यात शंभर ग्रॅमला ९ ग्रॅमच्या आसपास असते. आमच्या जवसात त्याच्या दुपटीहून जास्त असते, आणि जवसाची चटणी आमच्या भाकरीवर कोणाच्याही शिफारशीशिवाय पडत आली आहे.

आईने शेवटी काळ्या हातांवरच मेंदी लावून घेतली. लाल रंग दिसला तो फक्त तळव्याच्या मध्यावर, जिथे अक्रोडाचा रस पोहोचला नव्हता. तशाच हातांनी तिने सोळा भाज्या चिरल्या, आंबील ढवळली आणि महालक्ष्म्यांच्या पुढे पुरणाचे ताट ठेवले. कातडीचा रंग पितृपक्षात झडून गेला, नखांचा राहिला. नख महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढते, त्यामुळे दसऱ्याला मुळाशी एक पांढरी कोर दिसली आणि दिवाळीत अर्धे नख मोकळे झाले. अंगठ्याच्या टोकावरचा शेवटचा काळा तुकडा तिने संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तीळ निवडायला बसण्यापूर्वी, माझ्याच नेलकटरने कापला आणि उंबऱ्याबाहेर फेकला.