टर्नटेबलचा स्टँड, कडप्पा आणि भाजलेली वाळू

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात माडीवर बाबांचा रेकॉर्ड प्लेअर असायचा आणि तो चालू असताना घरात कोणी धपधप चालायचं नाही हा नियम. खाली तुळया, वर फळ्या, त्यामुळे जिन्यावरून कोणी पळत आलं की सुई उडायची आणि बाबा काही न बोलता नुसते मान वर करून बघायचे, तेवढं पुरायचं. वाडा पडला, आम्ही कोथरूडला आलो, इथे स्लॅब, फरशी, मला वाटलं आता ही कटकट संपली. पण संपली नव्हती, दुसरीकडून आली.

दोन वर्षांपूर्वी नवीन टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच, घेतलं आणि ऑनलाइन एक तयार रॅक मागवला, बारीक पाइप, काचेचे शेल्फ, दिसायला छान. मधे टर्नटेबल, त्याच शेल्फवर दोन बाजूंना स्पीकर. आवाज हळू होता तोवर ठीक, जरा वाढवला की डग्गा नुसता घुमायला लागायचा, तानपुऱ्याचा खर्ज त्यात बुडून जायचा, आणि अजून वाढवला की हूंऽऽऽ करत आवाज चढतच जायचा. मी अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, उघडून घेतला, दुरुस्तीवाल्याने चेक करून सांगितलं काही बिघाड नाही. बिघाड रॅकमधे होता.

कारण असं आहे की रेकॉर्डची खाच केसाइतकी बारीक, आणि सुईचं कामच मुळात प्रत्येक हालचालीची वीज करणं. ती हालचाल खाचेतून आली की शेल्फमधून आली हे सुईला कळत नाही. स्पीकर हलतो, तो शेल्फ हलवतो, शेल्फ सुईला हलवतं, अँप ते मोठं करून परत स्पीकरला देतो, असं चक्र सुरू होतं. घरी करून बघा: मोटर बंद, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई अलगद ठेवायची, व्हॉल्यूम मध्यम, आणि शेल्फवर बोटाने हलकं टकटक करायचं. स्पीकरमधून जेवढं धप्प ऐकू येईल तेवढं तुमचा स्टँड सुईपर्यंत पोचवतोय. माझ्या काचेच्या रॅकवर दारावर थाप मारल्यासारखं ऐकू आलं.

वाड्यासारख्या लाकडी जमिनीवर खरा उपाय म्हणजे भिंतीला ब्रॅकेट ठोकून त्यावर टर्नटेबल ठेवणं, म्हणजे पावलांचा संबंधच तुटतो. इथेही तेच करणार होतो पण आमची आतली भिंत सिपोरेक्स म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची, चार इंची, साधा प्लग त्यात धरत नाही, आणि एवढ्या महागाची वस्तू त्यावर टांगायचा धीर झाला नाही. मग जमिनीवरचाच स्टँड, पण जड.

सुतारकाका घरी आले आणि त्यांनी लगेच टीव्ही युनिटचं डिझाइन काढलं, खाली दारं, मागे प्लाय, सनमायका. म्हटलं काका, मागे उघडं पाहिजे, अँप गरम होतो, त्याच्या डोक्यावर निदान चार इंच मोकळे पाहिजेत. काका म्हणाले, "अहो पण धूळ बसेल की." बसते, पुसतो. प्लायवर मात्र त्यांचं ऐकलं, भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन १८ एमएमचा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याने न सुटणारा प्लाय, आणला, आणि दोन थर चिकटवून वरची फळी ३६ एमएमची केली. फ्रेम फॅब्रिकेशनवाल्याकडून, ४० बाय ४० एमएमचा चौकोनी लोखंडी पाइप. हा पाइप रिकामा असला की टिचकी मारल्यावर घंटेसारखा वाजतो, म्हणून त्यात वाळू भरायची ठरवली.

आता जुलै महिना, वाळू ओली. ओली भरली तर पाइप आतून गंजणार. गच्चीवर वाळवायला ऊनच नाही. शेवटी आईनेच जुनी लोखंडी कढई काढली आणि भडभुंजा चणे भाजतो तशी दोन दिवस थोडी थोडी वाळू भाजून दिली, ती पार गार करून आम्ही नरसाळ्याने पाइपमधे भरली, रबरी हातोडीने ठोकत ठोकत. आता टिचकी मारली की नुसतं ठक्, पुढे काही नाही.

सगळ्यात वर कडप्पा. आपल्या स्वयंपाकघरातल्या मांडणीला असतो तोच काळा दगड, ५० बाय ४० सेंटिमीटर, ३ सेंटिमीटर जाड, वजन साधारण १६ किलो. दुकानात तुकडा पडलेलाच होता, स्वस्तात मिळाला. नुसता दगड ठेवला तर तोही थोडा वाजतो, म्हणून खाली चार रबरी पॅड, एसीच्या बाहेरच्या युनिटखाली लावतात तेच. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक या दगड-रबराच्या जोडीनेच पडला, टर्नटेबलखाली लावायचे महागडे इम्पोर्टेड पाय घ्यायच्या आधी हे करून बघाच. शेवटी गवंड्याची पाणसळ ठेवून लेव्हल केली, आधी दगडावर, मग प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्ड ठेवतो त्या फिरत्या चकतीवर, दोन्हीकडे.

खालच्या कप्प्यात एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, आतली उंची ३४ सेंटिमीटर, दर फूटभरावर आडोसा म्हणजे त्या कलत नाहीत. एलपी कायम उभ्याच ठेवा, आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. त्यांच्या वजनाने स्टँड खालून अजून घट्ट बसला. अँप डावीकडे ठेवलाय कारण टर्नटेबलचं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, उजवीकडे असतं, अँपचा ट्रान्सफॉर्मर त्याच्याजवळ आला की बारीक गुंऽऽ येतो.

टकटक टेस्ट परत केली, अगदी कान देऊन ऐकलं तर पुसटसं काहीतरी. मग भीमसेनजींची एलपी लावली, विलंबित, आणि डग्ग्याच्या मागे तानपुरा वेगळा ऐकू आला. बाबा आतून आले ते पाय न वाजवता, सवयीने. म्हटलं बाबा, चाला बिनधास्त. तरी हळूच चालले.

स्पीकर सध्या दोन स्टुलांवर आहेत, त्यांचे वेगळे स्टँड अजून व्हायचेत आणि उंचीवर घरात एकमत नाही. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला पाहिजे, मी खाली गादीवर बसून ऐकतो, बाबा खुर्चीत, दोघांच्या कानात फूटभराचा फरक. बहुतेक खुर्चीच्या मापानेच करीन, मी गादीखाली अजून एक गादी घेईन. वाळूची अर्धी गोणी अजून शिल्लक आहे, भाजलेली, डब्यात बंद करून ठेवलीये.