गार डब्याचं शास्त्र

शाळेच्या पौष्टिक डब्याचे सल्ले देणारी मंडळी एक गोष्ट हमखास विसरतात. डबा भरला जातो सातला आणि उघडला जातो साडेदहाला. तव्यावरून उतरलेली पोळी वाफेसकट डब्यात कोंबली की ती आतल्या आत घामेजते. सुट्टीपर्यंत मधला भाग ओलसर आणि कडा वातड. शेजारच्या कप्प्यात दुधीला पाणी सुटलेलं. किनोआ आणि ब्रोकोली फोटोत फार छान दिसतात, पण हौशी पालकांनी ते एकदा गार खाऊन बघावं.

माझं म्हणणं असं, की डब्यानं ताटाची नक्कल करू नये, शिदोरीची करावी. गार खाण्याच्या पदार्थांचा अभ्यास आपल्याकडे कधीच पुरा झालाय. प्रवासाला निघणाऱ्या माणसाला दशम्या बांधून देत, कारण कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे पराठे ही सगळी त्याच घराण्यातली. भाजणीच्या थालीपिठाला तर तोड नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे सगळं भाजून एकत्र दळलेलं. धान्यात लायसिन हा प्रथिनांतला एक गरजेचा घटक कमी पडतो, तो डाळी भरून काढतात. आजीला लायसिन ठाऊक नव्हतं, तरी तिच्या भाजणीचं प्रमाण चोख होतं. वर कांदा, किसलेलं गाजर, कोथिंबीर त्यात बिनबोभाट खपतात.

नाचणीची गंमत वेगळी. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात 120 च्या आसपास. पण नुसत्या नाचणीची भाकरी गार झाली की तडकते, कारण गव्हासारखा चिवटपणा तिच्यात नाही. म्हणून मी कणकेत चौथा हिस्सा नाचणी घालतो आणि दुधात मळतो. रंग मात्र काळपट येतो. ‘बाबा, ही मातीची पोळी आहे का?’ अशी चौकशी झाली होती. गूळ घातल्यावर चौकशी थांबली.

उसळ द्यायची तर कोरडी. मोडाची मटकी परतून, पाणी आटवून, वर लिंबू पिळायचं. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे मटकीतलं लोह अंगी जास्त लागतं, शिवाय गार उसळीला जरा चव येते. फळांत मला पेरू आवडतो. कापून काळा पडत नाही, सफरचंदासारखे नखरे नाहीत. सोबत तिखटमिठाची पुडी हवीच, नाहीतर तो तसाच परत येतो.

परत आलेला डबा मी नीट वाचतो. कोबीतले मटार वेचलेले, कोबी जागच्या जागी. काकडी गायब. आणि कोपऱ्यात पिवळा चुरा, मोहरीसकट. आमच्याकडे त्या आठवड्यात ढोकळा झालाच नव्हता! म्हणजे वैविध्याची सोय वर्गानं परस्पर लावलेली. आपण फक्त तिथल्या बाजारात खपेल असा माल पाठवायचा. तिखटमिठाच्या पुरीला चांगला भाव आहे म्हणे. नाचणीची दशमी अजून पडून असते, पण आत तिळाची चटणी लावून गुंडाळी केली तर दोन गुंडाळ्यांना एक चकली मिळते.