पेवाच्या तोंडातलं दार

पहिल्या रविवारी मी सव्वा तास एकटाच बोललो. सांगलीच्या विश्रामबागेत मित्राच्या घरी सतरंजीवर ड्रॉइंग शीट पसरलं होतं. त्यावर जेवणाचं ताट पालथं घालून मी मोठं वर्तुळ काढलं, कडेला सोळा खुणा केल्या आणि मधोमध एक. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, आपापलं पात्र होऊन गोष्ट रचायच्या खेळातलं हे 'ग्रेट व्हील', म्हणजे महाचक्र. कडेचे सोळा ते बाह्य लोक, म्हणजे आपल्या जगापलीकडची जगं, आणि मधला आउटलँड्स. माउंट सेलेस्टियाच्या बरोबर समोर अबिस येतो, मेकॅनसच्या समोर लिंबो. चांगुलपणा-दुष्टपणा आणि शिस्त-बेबंदपणा अशा दोन अक्षांवर सगळं बसवलेलं. एक टोकही चुकू नये म्हणून मी दोन रात्री जागून हे पाठ केलं होतं.

सगळ्यांनी ऐकून घेतलं. भडंगाची परात रिकामी झाली. मग धाकटी बहीण म्हणाली, "दादा, नकाशा छान काढलायस. पण आम्ही तिथं गेलो की आम्हाला काय होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दहा रविवार मी त्या एका प्रश्नाच्या मागे होतो. हा अनुभव मुद्दाम लिहितोय, कारण मराठीत हा खेळ खेळणाऱ्या आणि परलोकाच्या उंबऱ्यापाशी अडलेल्या डीएमना (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा) तो उपयोगी पडेल असं मनापासून वाटतं.

आमचा गट पाच जणांचा. मी डीएम. बहिणीची मांत्रिक, हळदीच्या पेढीवर बसणाऱ्या मित्राचा योद्धा, मामेभावाचा चोर आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांचा पुजारी. दोन वर्षं एकाच जगात खेळत होतो. पुजारी तेराव्या लेव्हलला पोचला आणि त्याला 'प्लेन शिफ्ट' हा मंत्र मिळाला, तेव्हा हे जग सोडून पलीकडे जायची वेळ आली. कथाही तशीच उभी होती. योद्ध्याच्या वडिलांनी नऊ नरकांतल्या एका सैतानाला आत्मा लिहून दिला होता आणि ते कागद सोडवून आणायचे होते.

खेळाची पहिली आवृत्ती १९७४ची, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांची. अशा परलोकांची मांडणी गायगॅक्स यांनी १९७७ साली एका लेखात केली. १९८७मध्ये जेफ ग्रब यांनी त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि १९९४मध्ये डेव्हिड कुक यांच्या 'प्लेनस्केप'ने या लोकांमध्ये राहणारी माणसं, गल्ल्या, भांडणं आणली. २००८च्या चौथ्या आवृत्तीने चक्र मोडून वेगळीच रचना केली, २०१४च्या पाचव्या आवृत्तीत ते परत आलं. मी पाचवी आवृत्ती धरली, पण जीव प्लेनस्केपमध्येच. तिथलं एक तत्त्व मला फार आवडतं. आउटलँड्सच्या कडेला सोळा वेशीची गावं आहेत, प्रत्येकात एकेका लोकाकडे जाणारं दार. गावातली माणसं त्या लोकासारखीच वागायला-विचार करायला लागली, की आख्खं गाव घसरत पलीकडे निघून जातं. माणसं जे मानतात त्यावर जमीन हलते, ही कल्पना मला आजही थक्क करते.

भाषेवर मी बराच अडलो. 'प्लेन'ला मराठीत काय म्हणायचं? सर लगेच म्हणाले, "प्रतल. भूमितीत तेच शिकवतो आम्ही." शब्द बरोबर, शिवाय त्यातलं 'तल' ऐकलं की अतल, वितल, सुतल आठवतात. पण खेळताना 'मी अग्निप्रतलात जातो' असं तोंडात बसेना, म्हणून 'लोक' घेतला. नऊ नरकांना मात्र 'पाताळ' म्हणायचं नाही, हे मी ठरवून टाकलं. आपलं पाताळ म्हणजे नरक नव्हेच. विष्णुपुराणात नारद पाताळ बघून येतो आणि ते स्वर्गाहून रमणीय आहे असं सांगतो. तसंच 'राक्षस' या शब्दाचं. नऊ नरकांतले डेव्हिल आणि अबिसमधले डीमन यांचं आपसात अखंड युद्ध चालू असतं, दोघांना एकच शब्द वापरला तर त्यातला सगळा जीव जातो. बहिणीने एका वाक्यात सोडवलं: "एक सावकार, दुसरा दरोडेखोर." मग मी सैतानांना दबक्या, कागदी आवाजात बोलायला लावलं आणि डीमन आले की विष्णुदास भाव्यांच्या नाटकातल्या राक्षसपार्टीसारखे 'अलल डुर्र' करत आणले. हे सांगलीतच सुचायचं. १८४३ला इथे 'सीतास्वयंवर' झालं तेव्हा सूत्रधार पदं गाऊन कथा पुढे न्यायचा आणि पात्रं आपले संवाद आयत्या वेळी बोलायची. डीएम आणि खेळाडू आजही नेमकं तेच करतात, मला त्याचा फार अभिमान वाटतो.

सुरू करण्याआधी एक बैठक फक्त 'काय नको' यासाठी घेतली. मामेभाऊ नदीकाठच्या गावभागात राहतो. तो म्हणाला, "बाकी काहीपण चालेल. चढतं पाणी नको." २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्याच्या घरात पाणी कुठवर आलं होतं हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मी जललोकाचं पान वहीतून काढून टाकलं. अशी बैठक प्रत्येक गटाने घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

त्याच दिवशी प्रत्येकाला पाच चिठ्ठ्या दिल्या. आपल्या पात्राच्या पाच आठवणी, शाईच्या पेनाने. कशासाठी ते सांगितलं नाही.

पहिला मुक्काम होता सिजिल, म्हणजे 'दारांचं शहर'. आउटलँड्सच्या मध्यावर एक अनंत उंच सुळका आहे, त्याच्या टोकावर हे शहर हातातल्या कड्यासारखं गोल तरंगतं. रस्त्यात उभं राहून मान वर केली की डोक्यावर शहराची पलीकडची बाजू दिसते. तिथे मंत्राने जाता येत नाही, दारातूनच जावं लागतं. कुठलीही चौकट, कमान, तोंड असलेली जागा दार होऊ शकते आणि तिची किल्ली म्हणजे एखादी वस्तू, शब्द किंवा नुसता विचारसुद्धा. मला दार हवं होतं आमच्या मातीतलं. मित्राने हरिपूरच्या पेवांची गोष्ट सांगितली. हळद साठवायला जमिनीत खोल खोदलेली, अरुंद तोंडाची पेवं. महापुरांनी त्यातली बरीच निकामी केली. पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नाही, आधी दोराने कंदील सोडतात. कंदील विझला तर आत हवा नाही, उतरायचं नाही.

म्हणून आमच्या खेळातल्या गावात एक जुनं पेव आलं. चौघांनी कंदील सोडला. मी सांगितलं, "ज्योत विझत नाही. ज्योत खाली वाकते." मित्राचा हात भडंगातच थांबला. दाराची किल्ली होती एक आठवण, आणि ती त्या गावात जन्मलेल्या माणसाचीच चालणार होती. म्हणजे पुजाऱ्याची. सरांनी पाचांतली एक चिठ्ठी मोठ्याने वाचली: "आईच्या हाताला येणारा हळदीचा वास." पेवाचा तळ उघडला.

त्या दिवशी मला बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. प्रत्येक लोकाचा एकच नियम निवडायचा आणि तो खेळाडूच्या हाताला, कानाला लागला पाहिजे. वर्णन नंतर.

प्लेन शिफ्टला किमान २५० सोन्याच्या नाण्यांच्या किमतीचा, दुबेळक्याच्या आकाराचा धातूचा दांडा लागतो, हव्या त्या लोकाशी सूर जुळवलेला. मंत्र म्हणणाऱ्यासोबत जास्तीत जास्त आठ जणांनी हात धरायचे. हे वाचल्यावर सर पुढच्या रविवारी नादकाट्यांची पेटीच घेऊन आले. प्रत्येकावर कंपनांचा आकडा ठोकलेला. २५६ हा ॲस्ट्रल लोक. मेकॅनसला ५१२, बरोबर दुप्पट, कारण तो काटेकोर शिस्तीचा लोक. सरांनी काटा चपलेच्या रबरी टाचेवर आपटला आणि त्याचा दांडा लाकडी टीपॉयवर टेकवला. टीपॉय गुणगुणायला लागला. चौघांनी एकमेकांचे हात धरले, आवाज विरेपर्यंत कोणी बोललं नाही. त्यानंतर 'आपण आता दुसरीकडे आहोत' हे मला कधी सांगावं लागलं नाही.

ॲस्ट्रलमध्ये पाय कामाचे नाहीत, विचाराने सरकायचं. वेग म्हणजे बुद्धीच्या आकड्याची तिप्पट, फुटांत. बहिणीच्या मांत्रिकाची बुद्धी १८, म्हणजे ५४ फूट. योद्ध्याची ८, म्हणजे २४. आयुष्यभर सगळ्यांच्या पुढे धावणारा गडी चंदेरी पोकळीत मागे पडत गेला आणि मांत्रिक परत वळून त्याच्यासाठी थांबली. दोन वर्षांत त्या दोन पात्रांमध्ये जे झालं नव्हतं ते त्या अर्ध्या तासात झालं.

मेकॅनस म्हणजे एकमेकांत अडकून फिरणाऱ्या प्रचंड दात्यांच्या चाकांचा लोक. पुस्तकात त्याच्यासाठी एक ऐच्छिक नियम आहे: तिथे वार बसला की इजा नेहमी सरासरीइतकीच. दहा बाजूंचा फासा अधिक पाच असेल तर बरोबर दहा, दर वेळी. मी स्टीलचा डबा फिरवला आणि इजेचे सगळे फासे त्यात टाकायला लावले. झाकण लावलं. मामेभावाने सवयीने हात पुढे केला, हाताशी काहीच नव्हतं. "लई विचित्र वाटतंय राव," एवढंच म्हणाला. लढाई सुरू असूनही खोली शांत होती.

लिंबोत उलट. तिथे सगळं सतत विरघळत असतं, मनाच्या जोरावर जमीन धरून ठेवावी लागते. मी नियम केला की ज्याने जमीन धरलीय त्याने ती अखंड बोलून दाखवायची. बहिणीने आमच्या आजोळच्या अंगणाचं वर्णन सुरू केलं, तुळशीवृंदावन, सारवलेली जमीन, कोपऱ्यातलं जातं. ती दम घ्यायला थांबली की मी जमिनीचा एक तुकडा काढून घ्यायचो. दहा मिनिटांनी तिचा आवाज बसला आणि सरांनी मधूनच पुढचं वाक्य उचललं.

यिस्गार्डला आम्ही एकच बैठक दिली. मेलेले योद्धे दुसऱ्या पहाटे उठून पुन्हा लढतात ही कल्पना मोठी आहे, पण मरणाची भीती गेल्यावर खेळ सैल पडला.

नऊ नरकांतला पहिला, ॲव्हर्नस. त्याच्यासाठी सरांनी दोन सारखे काटे घेतले आणि एकाला मेण लावलं. मेणाने त्याचा सूर किंचित उतरला. दोन्ही एकदम वाजवल्यावर आवाज एकसंध राहिना. मोठा-बारीक, मोठा-बारीक, ठसठसल्यासारखा. बहिणीने कानांवर हात ठेवले.

तिथे स्टिक्स नदी ओलांडायची होती. मी आधी मामेभावाला विचारून घेतलं. पाणी चढणार नाही, नुसतं वाहतं, म्हटल्यावर तो चालेल म्हणाला. स्टिक्सच्या स्पर्शाने पाचव्या आवृत्तीत बुद्धी झडते, जुन्या आवृत्त्यांत स्मृती जाते. मी स्मृती घेतली. नावेतून चोर घसरला, पुजाऱ्याने वाकून त्याला धरलं आणि त्याचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला. बचावाचा फासा चुकला. मी सरांपुढे वाटीभर पाणी ठेवलं आणि त्यांच्या पाच चिठ्ठ्या मागितल्या. आता सगळ्यांना कळलं. सरांनी एकेक चिठ्ठी पाण्यात सोडली. निळी शाई आधी कडेने सुटली, मग धुरासारखी पसरली. कागद कोरे झाले. आठवणींबरोबर प्लेन शिफ्टही गेला.

करार सोडवला. ती रात्र खूप मोठी झाली, पण तिचं श्रेय बहिणीच्या घासाघिशीला. तिने एकेक कलम वाचून सैतानाला त्याच्याच कागदात अडकवलं. मग रिबकेजच्या वेशीतून आउटलँड्समध्ये, आणि तिथे एका पडक्या कमानीत घरचं दार. किल्ली तीच, ती आठवण.

सरांनी वाटीकडे बघितलं. "माझ्याकडे नाहीये ती," म्हणाले. मी मदत केली नाही. मामेभावाने फासा टाकायचा का विचारलं, मी मानेनेच नाही म्हटलं. बराच वेळ कोणी बोललं नाही.

मित्र त्या रविवारी सौद्यांची उरलेली कामं आटपून थेट पेढीवरून आला होता. बोटांच्या पेरांवर पिवळं तसंच होतं. तो उठून सरांच्या शेजारी जाऊन बसला आणि आपला तळवा त्यांच्यासमोर धरला.

"सर, हे बघा की."

सरांनी वाकून वास घेतला. आम्ही चौघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी डोळे मिटले, काही वेळ तसेच बसले आणि म्हणाले, "आई."

मी दार उघडलं.