नळीवर स्वीडन, पोटात बेल्जियम

आमच्या भागात वारशानं आलेली कुठलीही बोल्टची, म्हणजे दर गोळीला मूठ ओढून भरायची, रायफल असो, ती 'जर्मन मौजर'च, म्हणजे मौजर या नावाजलेल्या जर्मन कारखान्याची. गगनबावडा, आजरा, चंदगड, शाहूवाडी, कुठंही जावा. सोप्यात गव्याची शिंगं, त्याखाली आजोबांचा फेट्यातला फोटो आणि कपाटातली रायफल म्हणजे जणू थेट कैसरच्या दरबारातनं आलेली. प्रत्यक्ष बघायला घेतली की कुणाची आपल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ निघते, कुणाची बर्मिंगहॅमचे शिक्के असलेली विलायती. मधूनच एखादी स्वीडिश निघते आणि मालकाचं तोंड उतरतं. ते उतरायचं काही कारण नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जॉबवर्क करतो. लेथ, मिलिंग, एक जुनं सरफेस ग्राइंडर. शिकारीतलं मला काही कळत नाही आणि कळून उपयोगही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो विषय संपवला, आणि आमच्या राधानगरीचं अभयारण्य तर त्याच्याही आधी, १९५८ चं. पण लोखंड कुणी कसं कापलंय, कुठं घासलंय, कुठं कंटाळा केलाय, हे मला दिसतं. आबांची, म्हणजे आजोबांची, रायफल त्यांच्यामागं वडिलांच्या आणि मग माझ्या परवान्यावर आली तेव्हा ती मी बंदूक म्हणून नाही, जॉब म्हणून बघितली.

नळीवर बारीक अक्षरांत कारखान्याचं नाव आहे, हस्कवर्ना. हे नाव सांगितलं की उद्यमनगरातली पोरं विचारतात, "म्हणजे ते स्वार्टपिलेनवालं?" होय बाबा, तेच. बजाजनं २०२० मध्ये ती गाडी आपल्याकडं आणली त्याच्या तीनशेच्या वर वर्षं आधी, १६८९ मध्ये, दक्षिण स्वीडनमधल्या हुस्कवार्ना गावात राजाच्या बंदुका बनवायला हा कारखाना सुरू झाला. शिलाई मशिन, सायकली, मोटारसायकली, झाडं तोडायचे चेनसॉ हे सगळं नंतरचं. त्यांचं चिन्हही नीट बघा. बंदुकीच्या तोंडाकडनं बघितल्यावर नळी आणि तिच्यावरची माशी, म्हणजे नेम धरायचा पुढचा खुंट, जशी दिसेल, तसं ते आहे. पेट्रोलच्या टाकीवर लावून फिरणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कुणास ठाऊक.

पण नळीवरचं नाव वाचून थांबलं की अर्धीच गोष्ट हाती लागते. रायफलीची जात ठरते ती ॲक्शनवरनं, म्हणजे रिसीव्हर (नळीमागचा पोलादी सांगाडा) आणि बोल्ट (त्यात मागंपुढं सरकणारा दांडा) यांच्यावरनं. नळी बदलता येते, दस्ता बदलता येतो, ॲक्शन बदलली तर ती रायफलच दुसरी. आणि हस्कवर्नाच्या जुन्या शिकारी रायफलींत ॲक्शन तीन वेगवेगळ्या घराण्यांच्या सापडतात.

सगळ्यात जुनं घराणं स्वीडिश लष्कराचं, एम ९६. स्वीडननं ६.५×५५ चं काडतूस आणि मौजरची कार्बाइन (आखूड रायफल) घेतली १८९४ मध्ये, म्हणजे आपले शाहू महाराज गादीवर आले त्याच वर्षी. दोन वर्षांनी लांब रायफल आली, ती एम ९६. सुरुवातीच्या काही खुद्द जर्मनीत ओबर्नडॉर्फला बनल्या, बहुतेक एस्किलस्टुनाच्या कार्ल गुस्ताफ कारखान्यात, आणि दुसऱ्या महायुद्धात हस्कवर्नानंही बनवल्या. लष्करी असेल तर रिसीव्हरच्या कड्यावर मुकुट, कारखान्याचं नाव आणि सालच ठोकलेलं असतं, बारक्या भागांवर सीरियल नंबरचे शेवटचे तीन आकडे असतात, आणि बऱ्याच रायफलींच्या दस्त्याला उजवीकडं एक पितळी चकती असते. त्या चकतीवर नळीचा व्यास आणि आतली अवस्था नोंदलेली. आमच्याकडं जॉब तपासून क्यूसीचा टॅग लावतात, ते काम स्वीडिश फौज पितळेवर करत होती. मला हे फार आवडलं. शिकारी म्हणून विकत घेतलेल्या रायफलीच्या दस्त्यावर अशी चकती दिसली, तर ती फौजेतनं निवृत्त होऊन पुढं कापून-तासून शिकारी केलेली आहे असं समजावं. मात्र याच ॲक्शनवर हस्कवर्नानं मॉडेल ४६ नावाच्या रायफली मुळातच शिकारी म्हणून बनवल्या. ९६ ची ॲक्शन म्हणजे लष्करी भंगारच, असं नसतं.

दुसरं घराणं मौजर ९८ चं. महायुद्धानंतर हस्कवर्नानं बेल्जियमच्या एफएन या बंदूक कारखान्याकडनं या ॲक्शन घेतल्या, त्यावर स्वतःची नळी आणि दस्ता चढवला, आणि ती झाली ६४० ची मालिका. तिसरं घराणं १९५० च्या दशकातलं, मॉडेल १६४०. हे हस्कवर्नाचं स्वतःचं, सडपातळ आणि हलकं.

आता ओळखायचं कसं? रायफल रिकामी आहे हे आधी डोळ्यांनी बघून आणि मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथं, बोट घालून खात्री करायची. बोल्ट बंद करून, नळी सुरक्षित दिशेला धरून चाप ओढायचा, म्हणजे स्प्रिंग सैल होतं. त्यानंतर बोल्टची मूठ सावकाश वर उचला. उचलतानाच हाताला स्प्रिंगचा जोर लागला तर ९८ किंवा १६४०. मूठ अलगद वर आली आणि बोल्ट पुढं ढकलून बंद करताना जोर लागला तर ९६. यासाठी पुस्तक लागत नाही, मनगटाला कळतं.

मग रिसीव्हरच्या डाव्या अंगाचा खटका बाहेर ओढून बोल्ट मागं काढून घ्या आणि खिडकीच्या उजेडात धरा. तोंडाशी समोरासमोर दोन लग, म्हणजे बोल्टला कुलपासारखं अडकवणारे उंचवटे, दिसतील, ते सगळ्या मौजरना असतात. मुठीच्या जरा पुढं तिसरा छोटा लग दिसला तर ती ९८. पुढचे दोन लग कधी तुटले तरी बोल्ट मागं माणसाच्या तोंडावर येऊ नये म्हणून मौजरनं तो वाढवला. बोल्टच्या पोटाला लांबट भोकं असतात. काडतुसाची टोपी फुटली तर गॅस तिकडनं बाहेर जातो, आणि तरीही मागं आलाच तर बोल्टच्या मागच्या टोपणाची रुंद कड त्याला अडवते. ९६ ला तिसरा लग नाही आणि हे टोपणही अरुंद आहे. बोल्टच्या उजव्या अंगाला लांब पोलादी पट्टी दिसते तो एक्स्ट्रॅक्टर, काडतूस चेंबरमधनं बाहेर ओढणारा. बोल्ट फिरतो, पण ती फिरत नाही. काडतूस मॅगझिनमधनं वर आलं की लगेच तिच्या नखात अडकतं. हा भाग मी भिंगातनं बघत बसलो होतो. एका पट्टीचंच स्प्रिंग आणि एका पट्टीचंच नख, आणि सत्तर वर्षांनीही ताण शाबूत. हीट ट्रीटमेंट करणाऱ्याला सलाम.

पुढं व्हर्निअर. ९८ च्या रिसीव्हरचं पुढचं कडं सुमारे ३५.८ मिलिमीटर भरतं, ९६ चं ३३ च्या आसपास. पण १६४० चंही कडं लहानच आहे, म्हणून एकट्या व्हर्निअरवर निकाल देऊ नये. डावी भिंत बघायची. लष्करी मौजरना तिथं अंगठ्यासाठी अर्धगोल खाच असते, कारण पाच काडतुसं क्लिपमधनं एका दमात दाबून भरायची असत. १६४० ची भिंत सलग आहे.

आमच्या रायफलीला तिसरा लग आहे, मोठं कडं आहे, खाचही आहे. म्हणजे ६४०. नळी स्वीडिश, ॲक्शन बेल्जियन, मूळ डोकं जर्मन. आणि परवान्याच्या जुन्या पुस्तकात कुणीतरी 'मौजर, जर्मनी' असं लिहून टाकलेलं.

कॅलिबर .३०-०६ आहे हे आमचं नशीब. खरी मेख ९.३ च्या रायफलींत आहे. स्वीडनमध्ये मूसच्या, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाच्या, शिकारीला ९.३×५७ फार चाललं. ९.३×६२ हे बर्लिनच्या ओटो बॉक या बंदूकवाल्यानं १९०५ च्या सुमाराला काढलेलं, जास्त ताकदीचं. गोळी दोन्हींची सारख्याच जाडीची, केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, लांबीत फरक पाच मिलिमीटरचा. कितीतरी ५७ च्या रायफलींचे चेंबर पुढं रीमर मारून ६२ चे केले गेले, आणि नळीवरचा शिक्का कधी बदलला, कधी तसाच राहिला. त्यामुळं शिक्का वाचून काडतूस आणायचं नाही. परवानाधारक गनस्मिथकडनं चेंबरचा ठसा काढून घ्यायचा आणि मायक्रोमीटरनं मोजायचा. ठसा खोटं बोलत नाही.

मूळ फिनिश टिकलंय की कुणी पॉलिश मारून पुन्हा काळं केलंय, हे ओळखणं मला सगळ्यात सोपं गेलं, कारण बफिंग आमच्या गल्लीतच चालतं. स्क्रूचं भोक बघा. बफ मारला असेल तर भोकाची कड बशीसारखी खोलगट होते. अक्षरांच्या कडा बुजतात, सपाट भाग आणि गोलाई जिथं मिळतात तिथली धार जाते. लोक चकचकीत रायफलीला भाव देतात. मी म्हणतो, पातळ झालेलं, कडेला करडं पडलेलं मूळ ब्लूइंग (पोलादावरचा निळसर काळा थर) असेल तर तीच घ्या.

सांभाळायचं म्हणाल तर आपल्याकडं चोरापेक्षा पावसाची भीती जास्त. गगनबावड्याचा पाऊस माहीत असणाऱ्याला जास्त सांगायला नको. गंज वर दिसतो तिथं नाही लागत, दस्त्याच्या आत, लाकूड आणि लोखंड भेटतं त्या रेषेच्या खाली लागतो. म्हणून रोहिणी नक्षत्राच्या आधी दस्ता सोडवून आतनं तेलाचं फडकं फिरवायचं. हस्कवर्नाचे पुष्कळ दस्ते बीचच्या लाकडाचे असतात, अक्रोडाचे नव्हे. बीच दमटपणा पितं. त्याला लक्ष्मीपुरीत मिळणारं कच्चं जवसाचं तेल अगदी पातळ हातानं चोळायचं. वॉर्निश नको.

निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा. द्यायच्या आधी सगळ्या नंबरांचे आणि दस्त्यावरच्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवतो, वाद नको. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळं वाड्यांतली तिसरी-चौथी हत्यारं बाहेर पडली. त्या गडबडीत चांगल्या स्वीडिश रायफली 'जुनं लोखंड' म्हणून कवडीमोलानं गेल्या असतील, याची मला हळहळ आहे.

शाहूवाडीच्या आमच्या आतेभावाकडंही एक निघाली, मॉडेल ४६. मी बोल्ट काढून दाखवला, तिसरा लग नाही हे बोटानं दाखवलं. त्याचं एकच, "आप्पा, आमच्या आज्यानं जर्मन म्हणून सांगिटलंय न्हवं? मग जर्मनच!" बरं म्हटलं, जर्मन तर जर्मन. आता त्याला तिच्यावर दुर्बीण पाहिजे. स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमधनं नेमबाजीत ब्राँझ आणल्यापासून आमच्या जिल्ह्यात प्रत्येकाचा नेम सुधारलाय. स्वप्नील पलीकडच्या कांबळवाडीचा, आणि तो जी चालवतो ती .२२ आहे, तिच्यावर दुर्बीण नसते, हे सांगून बघितलं. "तुझ्याकडं मिलिंग हाय की, चार भोकं तर मारायची," असं तो म्हणतो. सत्तर वर्षांच्या रिसीव्हरला चार भोकं मारली की ती रायफल ना संग्रहाची राहते ना कामाची. शिवाय शस्त्राच्या दुरुस्तीच्या कामाला वेगळा परवाना लागतो आणि तो माझ्याकडं नाही. हे दुसरं कारण त्याला लगेच पटलं.