शेताच्या कडेचे पांढरे दगड

इंडियाना, इलिनॉय, ओहायो या राज्यांत नव्या वस्तीत घर घेतलेल्या मराठी माणसाला कधीकधी मक्याच्या शेताकडेला, झुडपांत, सात-आठ पांढरे दगड दिसतात. सरकारी दफनभूमी नव्हे ती. जंगल तोडून तिथे लाकडी घर उभारणाऱ्या एखाद्या गोऱ्या वसाहतकरी कुटुंबाची माणसं तिथे विसावलेली असतात. गावात चर्च उभं राहण्याआधी मेलेल्याला घराजवळच्या उंचवट्यावरच पुरत.

यातलं सगळ्यांना माहीत असलेलं ठिकाण इंडियानातल्या स्पेन्सर काउंटीत आहे. अब्राहम लिंकनची आई नॅन्सी ५ ऑक्टोबर १८१८ रोजी तिथे वारली. (त्याच वर्षी इकडे पेशवाई संपली.) गाईने व्हाइट स्नेकरूट ही विषारी वनस्पती खाल्ली की विष दुधात उतरतं, ते दूध पिऊन नॅन्सी दगावली. तिचे नातेवाईक थॉमस आणि एलिझाबेथ स्पॅरो त्याच आजाराने काही दिवस आधी गेले होते, तेही तिथेच आहेत. आज दिसणारा संगमरवरी दगड मात्र १८७९ सालचा, म्हणजे ६१ वर्षांनंतरचा. त्यावर वय ३५ कोरलंय. १७८४ हे मान्य जन्मवर्ष धरलं तर ती ३४ वर्षांची होती. तेव्हा दगडावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा, पण खरा धरण्याआधी जुन्या नोंदींशी ताडून पाहावा.

जन्मतारीख बऱ्याचदा कोरलेलीच नसते, वय असतं. समजा मृत्यू १२ मार्च १८५२ आणि वय २ वर्षं ४ महिने २० दिवस. आधी वर्षं वजा करा, मग महिने, मग दिवस: जन्म २३ ऑक्टोबर १८४९. कोकराची आकृती असेल तर कबर बहुधा लहान मुलाची.

दगड नाही म्हणजे कबर नाही, असं समजू नका. लाकडी पेटी कुजली की वरची माती खचते आणि माणसाच्या लांबीचा खोलगट भाग उरतो, साधारण पूर्व-पश्चिम. जमिनीवर पसरलेली विंका ही वेल, सिडारचं जुनं झाड, ओळीत रोवलेले अनघड दगड याही खुणा. पायाकडच्या छोट्या दगडावर फक्त आद्याक्षरं असतात. गवत कापायला अडतो म्हणून लोक तो उपटून मोठ्या दगडाला टेकवून ठेवतात. एवढ्यानेच कबर कुठे संपते ते कायमचं हरवतं. हे पाहून फार वाईट वाटतं.

अक्षरं पुसट असतील तर मोठा आरसा घ्या आणि सावलीतल्या दगडावर बाजूने उन्हाची तिरीप पाडा. झिजलेलं नावही उठून दिसतं. खडू, पीठ किंवा शेव्हिंग क्रीम अजिबात नको. क्रीममधली आम्लं आणि चरबी दगडाच्या छिद्रांत राहतात.

धुण्याआधी जमीनमालकाची परवानगी घ्या आणि त्या राज्याचा कायदा बघा. मग दगडावरून हलकं बोट फिरवा. साखरेसारखे कण हाताला लागले, किंवा बोटाच्या पेराने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, तर तिथेच थांबा. पावसातल्या आम्लाने संगमरवराचे कण सुटे झालेले असतात आणि ब्रशबरोबर अक्षरंच निघून येतात. दगड धड असेल तर आधी साध्या पाण्याने चिंब भिजवा, मऊ नायलॉनच्या ब्रशने खालून वर घासा, म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ उमटत नाहीत. दगडफूल लाकडी पट्टीने काढा. शेवाळ हटेना तर डी-टू (D/2) हे शेवाळ मारणारं तयार द्रावण लावून १०-१५ मिनिटांनी घासून भरपूर पाणी ओता. उरलेले डाग पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू फिके होतात, म्हणून त्याच दिवशी पुन्हा घासायचं नाही. ब्लीच वापरलं की दगड लगेच लख्ख दिसतो, पण त्यातले क्षार आत स्फटिक होऊन फुगतात आणि पुढे पापुद्रे सुटतात. तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर तर दूरच ठेवा. रात्री पाणी गोठणार असेल त्या दिवशी धुऊ नका.

मोडलेला दगड सिमेंटमध्ये बसवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. सिमेंट संगमरवरापेक्षा कडक असतं, ओल अडवून धरतं आणि दगड नेमका सांध्याच्या वर पुन्हा तुटतो. तुकडे सापडले तिथेच ठेवा, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि चुन्याचं काम येणाऱ्या जाणकाराला बोलवा.