चौथी ओळ

दोन देशांतल्या विद्यापीठांचा संयुक्त वर्ग म्हटलं की लोकांना वाटतं, भाषाच आड येत असेल. भाषेच्या आधी घड्याळ आड येतं. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत अर्धा वर्ग चुकीच्या वेळी हजर होतो, म्हणून वेळापत्रक यूटीसीत, म्हणजे ऋतूनुसार न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, लिहावं. दुसरी अडचण श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची. युरोपात एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचं एकूण काम, अमेरिकेत साधारण ४५ तासांचं. हे सत्राआधी लेखी ठरलं नाही, तर परतलेल्या विद्यार्थ्याचं वर्ष अडकतं. परीक्षा विभाग हात वर करतात आणि भोगतो तो विद्यार्थी.

आमचा असा वर्ग जैवनीतिशास्त्राचा, म्हणजे वैद्यकातल्या नीतीच्या प्रश्नांचा. शिक्षक दोन, एक तत्त्वज्ञानाचे, एक वैद्यकाचे. त्या दिवशीची तासिका मेंदूमृत्यूवर होती. ९० मिनिटं, २४ विद्यार्थी, चार-चारांचे सहा गट, प्रत्येक गटात दोन्हीकडचे दोघं दोघं. केसचा कागद एका पानाचा, ओळींना क्रमांक दिलेले. अपघात, व्हेंटिलेटर, आईवडील, अवयवदानाची विचारणा. चर्चा सातव्या ओळीवर, म्हणजे संमतीवर व्हायची होती. ती अडली चौथ्या ओळीवर: ‘रुग्ण मेंदूमृत घोषित झाला आहे.’

ही ओळ मी लिहिली होती आणि ती चुकीची होती. ब्रिटनमध्ये आणि भारताच्या १९९४च्या कायद्यात ब्रेनस्टेमचं, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठाचं, काम कायमचं थांबणं पुरेसं मानतात. अमेरिकेच्या १९८१च्या नमुना कायद्यात ब्रेनस्टेमसकट सगळा मेंदू येतो. जपानच्या निकषांत ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, सपाट असावा लागतो, ब्रिटनमध्ये ईईजीची सक्ती नाही. चार गटांत वीस मिनिटं वाद चालला आणि तो नीतीचा नव्हताच. एकाच शब्दाखाली दोन व्याख्या होत्या, एवढंच.

आता ती ओळ सहा वाक्यांची आहे. बेशुद्धीचं कारण माहीत आहे. गुंगीच्या औषधांचा अंमल उतरला आहे, शरीराचं तापमान नीट आहे. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देत नाहीत, बुबुळाला कापूस लावला तरी पापणी हलत नाही, घशात नळी फिरवली तरी खोकला येत नाही. ॲप्नीया चाचणीत, म्हणजे रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का हे पाहताना, आधी भरपूर ऑक्सिजन दिला, मग व्हेंटिलेटर काढून छातीकडे पाहत राहिले. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० मिमी पाऱ्याच्या वर गेला, तरी श्वासाची हालचाल झाली नाही. सहा तासांनी सगळं पुन्हा केलं. ‘मृत’ हा शब्द मुद्दाम गाळला आहे. तो लिहायचा की नाही, हे गटानं ठरवायचं. स्वायत्तता, हित, अपाय टाळणं आणि न्याय या चार तत्त्वांचा तक्ता फळ्यावर काढून जैवनीतिशास्त्र शिकवल्याचं समाधान मानणारे सहकारी या तपशिलाला ‘डॉक्टरी’ म्हणतात. मला तसं वाटत नाही. छाती हलली नाही इथपर्यंत वैद्यक सांगतं. माणूस गेला, हे म्हणायला तत्त्वज्ञान लागतं.

शेवटच्या दहा मिनिटांत एका विद्यार्थिनीनं जपानचा १९९७चा कायदा काढला. त्यात अवयवदानाला लेखी संमती दिलेल्या आणि कुटुंबानं हरकत न घेतलेल्या व्यक्तीच्याच बाबतीत मेंदूमृत्यू हा मृत्यू धरला जाई. २००९मध्ये कायदा बदलला आणि व्यक्तीची इच्छा कळलेली नसेल तर कुटुंबाची संमती पुरेशी झाली. तिनं विचारलं, “मृत्यू आधीच झाला असेल, तर तो संमतीवर कसा ठरतो? आणि झाला नसेल, तर संमती मिळाली म्हणून हृदय काढायचं?”

वर्गात कोणाकडेच उत्तर नव्हतं, दोन्ही शिक्षकांकडेही नाही. तिनं निबंधात तोच प्रश्न धरला आणि शेवटी लिहिलं की असा रुग्ण जिवंत आहे. त्याचा देह अन्न पचवतो, जखम भरून काढतो. त्या निबंधाला तत्त्वज्ञानाकडून २० पैकी १७ गुण पडले, वैद्यकाकडून ९. वैद्यकाच्या शिक्षकांचा शेरा होता, ‘हे वाचून अतिदक्षता विभागातलं कुटुंब कोलमडेल.’ शेरा खोटा नाही. पण निबंध कुटुंबासाठी लिहिला नव्हता, आणि युक्तिवादात मला फट सापडलेली नाही.

दोन विद्यापीठांच्या करारात गुणांच्या फरकासाठी कलमच नव्हतं. नव्या मसुद्यात चारपेक्षा जास्त फरक पडल्यास तिसरा परीक्षक घातला आहे. तो कोणत्या विषयाचा असावा, ही जागा अजून कोरी आहे.